ओर्वा नगरीचा पूर्वपक्ष

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी लखन घरी आला आणि येत्या रविवारी दुपारी वाचनालयाची खोली दोन तासांसाठी मिळेल का, असे त्याने विचारले. कामरगावच्या वाचनालयाची व्यवस्था मी निवृत्तीपासून पाहतो आणि रविवारी ते बंद असते. लखन माझा जुना विद्यार्थी. संस्कृतची शब्दरूपे त्याला कधी पाठ झाली नाहीत. वाद घालण्याची हौस मात्र त्याला त्या वयातही होती. आता तो वडिलांबरोबर शेती पाहतो.

“खोली पायजे, अन् तुमी पन पायजे, गुरुजी,” तो म्हणाला. “एका गेमवरून भांडन लागलं हाये. तीन महिने झाले, फोनवर मिटूनच नाई राह्यलं. निवाडा कराले असा मानूस पायजे, ज्याले त्यातलं काईच समजत नाई.”

ही पात्रता माझ्या अंगी पूर्णपणे असल्याचे मी मान्य केले.

रविवारी आठ जण आले. शिरपूर जैनहून दोन गाड्या बदलून नवीन नावाचा तरुण आला होता. या मंडळींच्या संघाचा तो प्रमुख. वाशीमहून वर्षाराणी आली होती. ती बोलू लागली की बाकीचे आधीच हसण्याच्या तयारीत असत. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरून रंजीता आली होती. महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी खोलीत येताच सर्वांत मागे बसली आणि पिशवीतून चार जाड वह्या काढून तिने त्या मांडीवर ठेवल्या. उरलेले चौघे आसपासच्या गावांचे होते. ही मंडळी तीन वर्षे एकमेकांना ओळखत होती, परंतु त्यांतील पुष्कळांनी एकमेकांचे चेहरे त्या दिवशी प्रथम पाहिले. “तू तर गेममंधी सात फुटाचा हायेस बे,” असे कोणी तरी नवीनला म्हणाले आणि ओळख पूर्ण झाली.

मला सर्व मुळापासून सांगण्याचे काम नवीनने केले. थालमेरा हे त्या खेळाचे नाव आणि खेळातील पृथ्वीचेही तेच नाव. जगभरातील लक्षावधी माणसे एकाच वेळी त्या पृथ्वीवर वावरतात. प्रत्येकाने एक देह आणि एक नाव धारण केलेले असते. तेथे पर्वत आहेत, समुद्र आहेत, राक्षस आहेत आणि त्यांच्याशी युद्धेही होतात. इथपर्यंत मी आदराने, पण थोड्या दुरून ऐकत होतो. पुढे नवीन म्हणाला, “पन गुरुजी, याचा इतिहास कुठंच सांगतलेला नाई. तो आपल्याले शोधा लागते.”

येथे मी सावरून बसलो. एखाद्या तलवारीच्या वर्णनात एक ओळ असते. एखाद्या भग्न स्तंभावर अर्धे वाक्य कोरलेले असते. एखादा म्हातारा नावाडी नदी ओलांडताना एका राजाचे नाव घेतो आणि गप्प होतो. हे कण वेचून, एकमेकांशी ताडून, ही मुले युगांचा क्रम लावतात, राजवंश जुळवतात, नद्यांची जुनी पात्रे शोधतात. खेळाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत निर्माते काही शब्द बदलतात. ते पाठभेद या मुलांना मुखोद्गत होते. “तिसऱ्या अपडेटच्या आधी तठी ‘पडलेला’ शब्द होता, मंग ‘निजलेला’ केला,” असे एक जण म्हणाला आणि दुसऱ्याने तत्क्षणी त्याचा महिना सांगितला. पाठशाळेत असताना आम्ही एका मंत्राच्या स्वरासाठी सबंध सकाळ घालवीत असू. ती तन्मयता मी नंतर फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. त्या दुपारी पाहिली.

त्यांच्या संघाचे नाव वत्सगुल्म. वाशीमचे हे प्राचीन नाव मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले आणि ते कोणाच्या लक्षात राहिले असेल असे मला वाटले नव्हते. मराठी बोलणारे दोनशे खेळाडू या संघात आहेत. त्यांच्यासाठी थालमेराच्या इतिहासाचा एक कोश मराठीत सिद्ध झाला आहे. त्यात साडेतीनशे नोंदी आहेत आणि त्या सर्व रंजीताने लिहिल्या आहेत: आधी वहीत, मग महाविद्यालयाच्या संगणकावर.

“भांडन असं हाये,” नवीन म्हणाला. “ओर्वा म्हनून एक शहर हाये. एशार नावाच्या लोकायचं. तीनशे घरं, अन् मानूस एक नाई. लखन म्हनते, म्होर्ग राजाच्या फौजेनं सगळे मारून टाकले. रंजीता म्हनते, कोनी मारलं नाई. लोक आपल्या पायानं गेले, अन् वापस येनार हायेत.”

“येनारच,” मागून रंजीता म्हणाली.

“तीन वर्षं झाले, आलं काय कोनी?” लखन म्हणाला. “गुरुजी, हिनं कोशात ओर्वाचं पान लिवलं. ते ओर्वाचं पान नाई. ते हिच्या तांड्याचं पान हाये. तांडा दरसाल ऊसतोडीले जाते, वापस येते, हिनं तेच घरचं उचलून गेममंधी ठेवलं. अशा मानसानं कोश कसा सांभाळावा?”

बाकीच्यांनी रंजीताकडे पाहिले. रंजीताचे आईवडील आठ दिवसांपूर्वीच तोडीसाठी निघून गेले होते, हे मला मागाहून कळले. इतरांना ते ठाऊक असावे.

“मी जबान देली हाये,” ती म्हणाली. तिने वह्या उचलून मधल्या टेबलावर आणून ठेवल्या. “आज माहं म्हननं टिकलं नाई, तर कोश लखनच्या हवाली. पासवर्डासकट.”

“अन् टिकलं तर लखनभौ काय देनार?” वर्षाराणीने विचारले. “हा तर आपल्या गेमच्या घोड्याले चारा देताना बी हिशेब करते.”

सर्व हसले. रंजीता हसली नाही. तीन वर्षांचे काम टेबलावर ठेवून ती उभी होती, आणि ती दुखावली होती ती नोंद चुकली या आरोपाने नव्हे. आपण मजकूर वाचतो की आपल्याच मनातले वाचतो, या शंकेने.

मी त्यांना आमच्या परंपरेतील एक नियम सांगितला. प्रतिपक्षाचे खंडन करण्याचा अधिकार त्यालाच, जो प्रतिपक्षाचे मत आधी स्वतःच्या मुखाने मांडील. आणि असे मांडील की प्रतिपक्षाने म्हणावे, होय, माझे म्हणणे हेच. याला पूर्वपक्ष म्हणतात. तो नीट उभा राहिल्यावाचून पुढे एक अक्षरही बोलायचे नाही.

“हे तर सोपं हाये,” लखन म्हणाला. “हिचं म्हननं, एशार लोकायले तठी राहून कटाळा आला, म्हून ते गेले.”

“हे माहं म्हननं नाई,” रंजीता म्हणाली.

“बरं. हिचं म्हननं, तठी दुष्काळ पडला.”

“दुष्काळाचा शब्द मी कुठं लिवला? पान वाचलं तरी काय तुनं?”

“वाचलं ना बावा!”

“किती?” वर्षाराणी म्हणाली. “वरचं नाव, की खालची तारीख बी?”

लखनचे कान लाल झाले. मी म्हणालो, “लखन, तिचे म्हणणे ज्या आधारावर उभे आहे तो आधार आम्हा सर्वांना दाखव. मलाही ओर्वा पाहायची आहे.”

नवीनने आपला लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. वाट पाहण्यात काही वेळ गेला. आमच्याकडे इंटरनेटही विचार करून येते. मग पडदा उजळला आणि मी ओर्वा पाहिली.

डोंगराच्या उतारावर तांबूस दगडांची नगरी होती. संध्याकाळचा प्रकाश होता आणि वारा गवताला एका दिशेने वाकवीत होता. कोणी माणूस नव्हते, परंतु ओसाडपणाची कळाही नव्हती. ज्यांनी हे निर्माण केले त्या अनाम कलावंतांना मी मनोमन वंदन केले. लखनचा वीरपुरुष, आपादमस्तक लोखंडात मढलेला, एका घराच्या दारातून आत शिरला.

“अठी मी दोनशे वेळा आलो असन,” लखन म्हणाला. “पेटीतलं सोनं उचलतो अन् जातो.”

“सोनं सोड. चूल पाह्य,” रंजीता म्हणाली.

त्याने चुलीकडे मान वळवली. मग हळूहळू, शेतातले पीक पाहून सांगावे तसा, सांगू लागला. “राख नाई. चूल सारवलेली हाये. भांडे पालथे मांडले, एका रांगेत. जात्याची वरची तळी काढून भिंतीले टेकवली. बियाचं गाठोडं आढ्याले टांगलं, उंदरानं खाऊ नये म्हून.” तो थांबला. “हिचं म्हननं असं हाये, की पळनारा मानूस राख भरत नाई. ज्याले मारलं तो भांडे पालथे घालत नाई. हे लोक घर आवरून गेले. अन् घर आवरून तोच जाते, ज्याले वापस येऊन चूल पेटवा लागते.”

“हो,” रंजीता म्हणाली. “हेच.”

पूर्वपक्ष उभा राहिला होता. आता खंडनाचा अधिकार लखनला मिळाला आणि त्याने तो जोमाने वापरला. ही मांडणी निर्मात्यांनी हेतूने केलीच नसेल, असे तो म्हणाला. अशा खेळांत एक घर बनवतात आणि तेच तीनशे वेळा चिकटवतात. एखाद्या कारागिराला पालथी भांडी काढणे सोपे गेले असेल. त्यावर इतिहास कसा रचायचा?

हा आक्षेप उत्तम होता. मला त्याचे कौतुक वाटले आणि मी ते बोलून दाखविले. ग्रंथाचे तात्पर्य कशात आहे हे ओळखण्याच्या सहा खुणा आमच्या गुरूंनी आम्हाला शिकविल्या होत्या. त्यांतील एक अपूर्वता: जे अन्यत्र कोठेही सांगितलेले नाही आणि येथेच सांगितले आहे, तेथे सांगणाऱ्याचा हेतू असतो. मी विचारले, “या पृथ्वीवर दुसऱ्या उजाड नगरी आहेत का? तेथील भांडी कशी आहेत?”

यावर खोलीत जी धावपळ झाली ती वर्णन करणे कठीण आहे. चौघे मोबाइल घेऊन रेंजसाठी गच्चीवर गेले. नवीन उत्तरेच्या बर्फाळ किल्ल्याकडे निघाला. वर्षाराणीने समुद्राकाठचे एक जळालेले गाव घेतले आणि वाटेत एका राक्षसाने तिला दोनदा मारले. दोन्ही वेळा तिने लखनलाच शिव्या दिल्या. अर्ध्या तासाने वार्ता येऊ लागल्या. बर्फाळ किल्ल्यात भांडी फुटलेली आणि आडवी. जळालेल्या गावात चुलींत राख, राखेत अर्धवट भाकरी. दलदलीतल्या वस्तीत भांडी उताणी, त्यांत पाणी साचलेले. सात ठिकाणे पाहून झाली. पालथी भांडी, सारवलेली चूल आणि टांगलेले बी केवळ ओर्वातच होते.

“कोनी तरी मुद्दाम केलं हाये,” गच्चीवरून उतरताना एक जण म्हणाला. त्याच्या आवाजात जो आदर होता तो ऐकून मला समाधान वाटले. समुद्रापलीकडे बसलेल्या त्या कारागिराचे काम आज कोणी तरी पाहिले होते.

“मंग जितली रंजीता,” नवीन म्हणाला. “चहा सांगा.”

“अजून नाही,” मी म्हणालो. “तिने लखनचा पक्ष मांडायचा आहे.”

रंजीता पुढे आली. तिने एकदाही वही उघडली नाही. म्होर्गच्या सेनेचा मार्ग ओर्वाच्या उत्तर वेशीवरून जातो, हे तिने तीन आधारांनी सांगितले. सेनापतीच्या ढालीवर ‘तीनशे चुली विझल्या’ अशी ओळ आहे, ती तिने सांगितली. म्होर्गचे नाव घेऊन गप्प होणाऱ्या नावाड्याचे वाक्य सांगितले. लखनने तीन महिन्यांत जे जे म्हटले होते, ते तिने त्याच्यापेक्षा चांगले मांडले. लखन मान डोलावू लागला.

“होय, हेच माहं म्हननं,” तो म्हणाला. “एवढं चांगलं तर मले बी जमलं नसतं.”

“थांब. एक राह्यलं,” ती म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. “तुले माहीत नसलेलं एक हाये. उत्तर वेशीपाशी शेवटचं घर. तठी चुलीत राख हाये. भांडं उभं हाये, त्यात अन्न हाये. बाज टाकलेली हाये. तीनशेपैकी तेवढं एकच घर आवरलेलं नाई. कोनी म्हनन, फौज आली तवा तठी मानूस जेवत होता. मले हे वर्षभरापासून माहीत हाये. मी कोशात लिवलं नाई.”

तिने वह्यांचा गठ्ठा लखनकडे सरकवला. “मी लपवलं. म्हून कोश तुहा.”

“पन काहून लपवलं?” लखन म्हणाला. तो विजयाने बोलत नव्हता. त्याला खरोखर समजत नव्हते. “तू तर एक काना चुकला तरी माफी लिवतेस.”

“मले त्याचं उत्तर माहीत होतं,” ती म्हणाली. “पन ते उत्तर माह्या घरचं हाये. तांडा निघाला की म्हातारा मानूस मागं राह्यते. माहा आजा राह्यला हाये, रामधनबाबा. मी बाज पाह्यली अन् मले आजाच दिसला. दारातूनच वापस फिरली मी, आत गेलीच नाई. मंग वाटलं, लखन म्हनते ते खरंच असन. मी वाचत नाई, मी सोताचंच टाकून राह्यली. ते घर लिवलं तर तेच शाबीत होईन. नाई लिवलं तर खोटं होईन. मंग मी काईच लिवलं नाई.”

सर्व माझ्याकडे पाहू लागले. वास्तविक मी निवाड्यासाठी बसलो होतो, परंतु त्या क्षणी मला निवाडा देण्यापेक्षा त्या मुलीला एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटले. मी म्हणालो, “रंजीता, वाचणारा रिकाम्या हाताने ग्रंथाकडे जात नाही. ज्याने नदी पाहिली आहे त्यालाच नदीचे वर्णन कळते. तुझ्या घराने तुला डोळा दिला, त्यात दोष नाही. दोष एवढाच की जे दिसले ते मजकूर पेलतो का, हे तू आत जाऊन पाहिले नाहीस. जे तू भीतीने केले नाहीस ते आता कोणी तरी केले पाहिजे. आणि ज्याला तुझे म्हणणे खोडायचे आहे त्यानेच ते करावे, म्हणजे संशय उरणार नाही.”

लखनने मान हलविली. त्याचा लोखंडी वीरपुरुष ओर्वाच्या चढणीवरून उत्तर वेशीकडे चालू लागला. शेवटचे घर आले.

“मी माह्या बाजूनं पाह्यतो,” लखन म्हणाला. “फौज आली असन तर दार तुटलं पायजे.” त्याने दार पाहिले. कडी शाबूत होती. “रक्त पायजे. हत्यार पायजे. काईच नाई.” त्याने बाज पाहिली, भांडे पाहिले, राख पाहिली. “राख एका दिवसाची नाई. जास्त हाये. कोनी तरी इथं रोज चूल पेटवली.” मग तो दारामागच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळला आणि थांबला.

त्या कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत सरपण रचलेले होते. बारीक फोडलेले, सारख्या लांबीचे, म्हाताऱ्या हातांना उचलता येईल असे.

लखन पडद्याजवळ गेला आणि उभा राहिला. “दोनशे वेळा हिंडलो मी या गावात,” तो म्हणाला. “कोन्याच घरात लाकूड नाई. मी म्हनलो, कंपनी इसरली.” त्याने बोट सरपणावर ठेवले. “इसरली नाई. तीनशे घरायचं लाकूड अठी आनून ठेवलं हाये. जाताना.”

रंजीता उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ते लाकूड तिनेही तेव्हाच प्रथम पाहिले. तिने तोंडावर हात ठेवला आणि नंतर तो काढला.

“ढालीवरच्या ओळीचं काय मंग?” नवीनने विचारले. “तीनशे चुली विझल्या?”

“विझल्या ना,” लखन म्हणाला. “फौज आली, गाव खाली होतं. सेनापतीनं विझलेल्या चुली पाह्यल्या अन् ढालीवर बढाई लिवली. मी बी तसंच केलं असतं.”

“केलंच की,” वर्षाराणी म्हणाली.

या वेळी लखनही हसला. त्याने टेबलावरच्या वह्या उचलल्या आणि रंजीताच्या हातांत दिल्या. “तुह्याजवळच राहू दे. पन हे घर आजच लिव. अन् आत काय हाये ते लखननं पाह्यलं, असं बी लिव.”

“वर्षभर लपवलं ते?”

“ते बी लिव. कोश हाये ना तो.”

मी निवाडा दिला नाही. देण्यासारखे काही उरले नव्हते. सिद्धांत प्रतिपक्षाच्याच मुखातून बाहेर पडला होता. माझ्या साठ वर्षांच्या पठणपाठनात असे वाद मी ऐकले पुष्कळ, पाहिले फार थोडे.

चहा आला. रंजीता टेबलाशी बसली, चौथ्या वहीचे कोरे पान उघडले आणि लिहू लागली. कोशातली तिची भाषा तिच्या बोलण्यासारखी नाही. ती स्वच्छ, मोजकी आणि स्थिर आहे. मी चष्मा लावून वाचले: ‘उत्तर वेशीजवळच्या घरात एक वृद्ध मागे राहिला आहे. हे घर मला वर्षापूर्वी दिसले होते; मी ते नोंदवले नाही, ही माझी चूक. निघताना नगराने त्याच्यासाठी आपल्या चुलींचे सरपण आणून ठेवले. ते सहा महिने पुरेल.’

“सहा महिने?” तिच्या खांद्यावरून वाचणारा लखन म्हणाला. “कशावरून? मोजलं काय तू?”

“सहा महिन्यानं तांडा—” ती थांबली, पेन उचलले आणि ‘सहा महिने’ हे शब्द तिने स्वतःच खोडले. “नाई मोजलं. लाव टीव्ही.”

नवीनने पुन्हा ओर्वा उघडली. लोखंडी वीरपुरुष त्या कोपऱ्यात वाकून उभा राहिला. रंजीताने वहीत एक रेघ ओढली, वर्षाराणीने खुर्ची पुढे ओढून घेतली, आणि ते सर्वजण मोठ्याने, तळापासून, लाकडांच्या रांगा मोजू लागले.